वायरलेस गिअर नाशिकच्या चिखलात टिकतात का? माझं मत: केबलपेक्षा जास्त

त्र्यंबकरोडवाला
एमटीबीला, म्हणजे डोंगरवाटांच्या सायकलला, वायरलेस गिअर म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: पावसात खराब नाही होणार? मी उलट म्हणतो, नाशिकमध्ये ते पावसाळ्यासाठीच घ्यावेत.

आषाढात त्र्यंबकच्या पुढे भातलावणी चालू असते. चिखलणी करून निघालेले ट्रॅक्टर अर्धं खाचर रस्त्यावर आणून टाकतात. तो राडा मागच्या चाकाने उडतो आणि डिरेलरपाशी (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) केबलचा आऊटर, म्हणजे बाहेरची नळी, जिथे वळते, नेमका तिथे आत शिरतो. एकदा वाळला की खेळ सुरू. मागच्या चाकाच्या मोठ्या चकतीवर जाताना अंगठा केबल ओढतो, त्यामुळे चेन चढते. पण लहान चकतीवर परतायचं काम एकट्या स्प्रिंगचं. आत माती धरलेली असेल तर स्प्रिंगचा जोर पुरत नाही. गिअर उशिरा पडतो, नाहीतर दोन एकदम पडतात. केबलचा ताण जुळवणारा बॅरल अॅडजस्टर कितीही फिरवा, काही होत नाही. इनर-आऊटर (आतली तार आणि बाहेरची नळी) बदलणे हाच उपाय, आणि आपल्याकडे तो पावसाळ्यात वारंवार करावा लागतो.

वायरलेसमध्ये ती नळीच नाही. शिफ्टर रेडिओने संदेश देतो, डिरेलरमधली मोटर चेन हलवते आणि दर वेळी तेवढीच हलवते. स्रॅम कंपनीचं ईगल एएक्सएस हे वायरलेस गिअर २०१९ मध्ये आलं, तेव्हापासून त्याला पाणी-धुळीसाठी आयपी६९के मानांकन आहे. २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या 'ट्रान्समिशन' या गिअर संचात तर हँगरच, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडाच, काढून टाकला. डिरेलर थेट फ्रेमवर, अॅक्सलभोवती बसतो. त्यावर माणूस उभा राहिल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. भर चढावर पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदला, कडकड आवाज नाही.

दिंडोरीरोडकर
दादा, तीन वेगळ्या गोष्टी तुम्ही एका माळेत ओवताय. जोर असताना गिअर गुपचूप पडतो तो कॅसेटमुळे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचामुळे. चेन कुठल्या दातावरून चढेल, कुठून उतरेल याच्या वाटा चकत्यांवरच कोरलेल्या असतात. मजबुती येते हँगर काढल्यामुळे. या दोन्हींचा बॅटरीशी संबंध नाही. पुरावा कंपनीनेच दिलाय: २०२५ मध्ये स्रॅमने केबलवर चालणारं ट्रान्समिशन आणलं, ईगल ९० आणि ईगल ७०. तसाच बिनहँगरचा डिरेलर, बारा गिअर, फक्त मोटर नाही. वायरलेसचा स्वतःचा फायदा उरतो तो केबल नसण्याचा, आणि केबल ही सायकलवरची सगळ्यात स्वस्त वस्तू. एका वायरलेस डिरेलरच्या पैशात आपल्याकडे गिअरची साधी एमटीबी येते.

दुसरं, रामशेजच्या बाजूला दगडगोट्यांत डिरेलर आपटला तर माझा हँगर वाकतो. तो खिशात दुसरा ठेवता येतो. बिनहँगरवाल्याने काय करायचं?

त्र्यंबकरोडवाला
हँगर वाकतो म्हणूनच गिअर बिघडतात, भाऊ. थोडासा वाकला तरी बारा स्पीडचे गिअर बिघडवायला पुरतो, आणि डोळ्यांना ते दिसतही नाही. बिनहँगरचा डिरेलर मार बसला की अॅक्सलभोवती मागे फिरतो. शिवाय बाहेरची घासपट्टी वेगळी बदलता येते.

गंगापूरधरण_लूप
मी रेस करते, त्यामुळे टिकण्यापेक्षा वेगावर बोलते. ट्रान्समिशनचा गिअर सुंदर पडतो, पण सावकाश. चेन पुढची वाट येईपर्यंत थांबते, मगच चढते. ओढ्यात उतरून समोर अचानक उभा चढ आला की मला एका दमात तीन-चार गिअर हलके हवे असतात. केबलला अंगठ्याच्या एका दाबात ते मिळतात. इथे बटण दाबून ठेवलं तरी ते एकेक करून येतात, आणि तोवर पाय जमिनीवर. शिमानो या दुसऱ्या कंपनीचं वायरलेस एक्सटीआर २०२५ मध्ये आलंय, त्यात गिअर झपाट्याने पडतात. म्हणजे हा सावकाशपणा वायरलेसचा नाही, एका कंपनीच्या निवडीचा आहे.

सातपूर_एमआयडीसी
आणि बॅटरी संपली तर अंजनेरीहून एकाच गिअरवर घरी?

त्र्यंबकरोडवाला
एकदा चार्ज केली की वीसेक तास चालते. लाल दिवा आधीच सांगतो. स्रॅमचीच वायरलेस सीटपोस्ट (बटणाने सीट वरखाली करणारी) असेल तर तिची बॅटरी काढून डिरेलरला लावायची, दोन्ही सारख्याच आहेत. गाडीवर सायकल लादताना मात्र बॅटरी काढून ठेवा. हादऱ्यांनी डिरेलर जागा राहतो आणि ती उतरते.

पंचवटी_गॅरेज
माझं रोजचं काम हेच, म्हणून चार शब्द. मोटर बिघडली म्हणून आलेला डिरेलर क्वचित दिसतो. येतात ते आपटलेले: चेन धरणारा केज वाकलेला, सांध्यांचे पिव्हट ढिले झालेले. हे केबलवाल्यांचंही होतं. फरक असा की केबलवाला मी संध्याकाळपर्यंत चालता करून देतो. वायरलेस आतून गेला तर माझ्या हातात काही नाही, पूर्ण डिरेलर मागवायचा आणि तोवर सायकल भिंतीला.

आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही. आपल्या मातीत आधी झिजते ती चेन. चिखलात तेल घातलेली चेन कानसच असते. गिअर इलेक्ट्रॉनिक असो वा केबलचा, ताणलेली चेन कॅसेट खाणारच, आणि ट्रान्समिशनची कॅसेट बदलायची तर खर्च भरपूर. राइडहून आलात की साध्या पाण्याने धुवा, पुसा, मग तेल. मानांकन आहे म्हणून प्रेशर वॉशर लावू नका. डिरेलरला काही होणार नाही, पण चाकाच्या हबमधलं आणि पेडलच्या धुऱ्याच्या बॉटम ब्रॅकेटमधलं ग्रीस निघून जातं.

नवं ट्रान्समिशन घेण्याआधी फ्रेमवर यूडीएच, म्हणजे प्रमाण मापाची हँगरची जागा, आहे का ते बघा. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींवर नाही, आणि त्याशिवाय ते बसतच नाही. मग वायरलेसचं असो की केबलचं.

दिंडोरीरोडकर
माझ्या फ्रेमवर यूडीएच आहे. मी केबलचं ७० घेणार आणि दर पावसाळ्यात दोनदा इनर-आऊटर बदलणार. तेवढा खर्च परवडतो.

त्र्यंबकरोडवाला
श्रावणात त्र्यंबकला या, दोन्ही सायकली एकाच चिखलातून नेऊ. दोनदा बदलून भागणार नाही, असं मी आजच सांगतो.