पथ्याचा कागद आणि आपलं ताट: तुमचे अनुभव सांगा

मधुमेह निघाला त्याला आता अकरा वर्षं झाली. पहिल्याच दिवशी हातात पडलेला आहाराचा कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे आणि त्यात काही चूक नाही. चूक माझी. साखर बंद केली आणि तिच्या जागी ग्लासभर फळांचा रस आणि 'शुगर-फ्री' बिस्किटं आणली. तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) ७.४ चं ८.१! बिस्किटात साखर नव्हती, पण मैदा होताच, आणि पोटात गेल्यावर मैद्याची साखरच होते. रसाचं तर बोलायलाच नको. चार फळांची साखर एका घोटात आणि चोथा केराच्या डब्यात. मग ग्लुकोमीटर घेतला. जेवणाआधी आणि नंतर दोन तासांनी मोजू लागलो. तोच भात, तीच डाळ, तीच भाजी. पण भाजी-डाळ आधी आणि भात शेवटी खाल्ला की माझा आकडा तीसेकाने कमी यायचा. स्वतःच्या बोटातून रक्त काढून पाहिलं म्हणून पटलं.

तर कागद आणि ताट यांच्यामध्ये तुमचं कुठे घसरलं आणि कशाने सावरलं, ते लिहा. स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं. 'अमुक खा, आजार पळेल' असलं काही नको, आणि औषधांचे डोस तर नकोच.

*

आईचं लिहितो. तिला मधुमेह, रक्तदाब, आणि दोन वर्षांपासून क्रिएटिनिनही वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मला माहीत होती. म्हणजे साधारण एक छोटा चमचा, आणि तोही दिवसभराचा, सगळं धरून. घरात मोजलं तर जवळजवळ दुप्पट. मग मी मोठ्या हुशारीने कमी सोडियमचं मीठ आणलं.

त्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंड धडधाकट असेल तर जास्तीचं पोटॅशियम लघवीतून निघून जातं, आणि रक्तदाबाला त्याचा फायदाच होतो. आईच्या मूत्रपिंडाला ते झेपलं नाही. नेहमीच्या तपासणीत पोटॅशियम ६.१ आलं. तिला काहीही जाणवत नव्हतं, पण डॉक्टरांनी तिथल्या तिथे ईसीजी काढायला लावला, कारण एवढ्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मग त्यांनी विचारलं, "घरात मीठ कुठलं वापरता?" घरी येऊन पाकीट उलटं करून पाहिलं, तर मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचा इशारा मागे बारीक अक्षरांत छापलेला होता. महिनाभर रोज मीच ते आमटीत घालत होतो.

आता बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळतो आणि पाणी ओतून देतो. त्याने बरंच पोटॅशियम निघून जातं. चवही जाते, हे कागदावर लिहिलेलं नसतं. आई परवा म्हणाली, "साखर गेली, मीठ गेलं, आता भाजीचं पाणीही गेलं. ताट तरी ठेवणार आहेस ना?" सध्या लिंबू, लसूण आणि मिरीवर निभावतंय.

*

(वरचं वाचून आत्ताच उठून आमच्याकडचं पाकीट पाहिलं. साधंच मीठ आहे. तरी दोनदा वाचलं.)

*

हृदयाची झडप बदललेली, म्हणून रक्ताची गुठळी होऊ न देणारी वॉरफेरिनची गोळी चालू. हितचिंतकांनी सांगितलं, पालेभाजी विषासमान. सोडली, तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वर चढला. घाबरून रोज पालक खाल्ला, तर खाली उतरला. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं आणि गोळीचं प्रमाण तुमच्या खाण्यानुसार बसवलेलं असतं. "खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच," एवढं एक वाक्य मला चार महिने आधी कुणी सांगितलं असतं तर!

*

थायरॉइड. पथ्य असं काही नाही, पण सकाळी गोळीमागोमाग कॉफी आणि सोबत कॅल्शियमची गोळी घ्यायचे. टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, काही केल्या उतरेना. आता गोळी उठल्याबरोबर, कॉफी तासाभराने, कॅल्शियम रात्री. डोस न वाढवता आकडा जागेवर आला.

*

मुतखडा झाला म्हणून दूध-दही सोडलं होतं. कॅल्शियमचा खडा, म्हणजे कॅल्शियम वाईट, असा माझा हिशेब. उलटा निघाला. जेवणातलं कॅल्शियम खड्यातल्या दुसऱ्या घटकाला, ऑक्झलेटला, आतड्यातच धरून ठेवतं, मग ते लघवीत कमी उतरतं. दही परत सुरू केलं, मीठ कमी केलं आणि पाणी वाढवलं. माझा खडा ऑक्झलेटचा होता. तुमचा कसला ते आधी तपासून घ्या.

*

बाबा इन्सुलिन घेऊन बसले आणि जेवण लांबलं. घाम, थरथर, चिडचिड. आम्हाला वाटलं उशीर झाला म्हणून रागावलेत. साखर मोजली तर ५४, फारच कमी. मी चॉकलेट पुढे केलं, पण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते, हे नंतर कळलं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली असती तर लवकर भागलं असतं. आता प्रत्येक खोलीत साखरेची पुडी आहे. मधुमेह्याच्या घरात इतकी साखर पाहून पाहुणे हसतात.

*

मला सीलिअॅक आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते. गहू, बार्ली, राय आयुष्यभर बंद. खाणं जमतं हो, माणसं जमत नाहीत. "एक घास खाल्ल्याने काय होतंय?" तीच इजा होते. एकदा यजमानीणबाईंनी फार मायेने फक्त माझ्यासाठी वेगळा भात केला होता. आणि गव्हाच्या नूडल्स ढवळत होत्या त्याच डावाने तो मला वाढला. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की काही बोलवेना. भात तसाच ठेवला आणि पोट बरं नाही म्हणून सांगितलं. अशा वेळी तुम्ही काय सांगता?