मदत हवी आहे : म्हैस घंटी ओळखते, पण पान्हा सोडत नाही

चोपडा तालुक्यातला गोठा. पारडू दगावल्यापासून म्हैस ऑक्सिटोसिनच्या (पान्हा सोडवणाऱ्या संप्रेरकाच्या) सुईशिवाय पान्हवत नाही. सुई सोडवायची आहे, म्हणून पावलोव्हच्या पद्धतीने (खूण आधी, हवी ती गोष्ट लगेच नंतर, असं वारंवार करून) नवी खूण शिकवतोय.

क्रम असा : पितळी घंटी, दोन-तीन सेकंदांत सरकी ढेपेचं आंबोण, मग कोमट पाण्याने कास धुऊन मिनिटभर सड चोळणं. घंटी कायम आधी. आंबोण दिसल्यावर वाजवली तर तिला खूण म्हणून किंमत उरत नाही. बादलीचा खडखडाट मुद्दाम टाळला, कारण तो दिवसभर कानावर पडतो आणि त्यामागून दरवेळी काही येत नाही.

घंटी वाजली की म्हैस गव्हाणीकडे वळते, लाळ गाळते. सड मात्र ढिलेच. म्हणजे ती खाणं शिकली, पान्हा नाही. शिवाय धार काढणारा जवळ आला की पाठीची कातडी थरथरते, शेपूट आवळते. सुई तोच टोचतो. भीतीने अ‍ॅड्रेनलिन सुटलं की ऑक्सिटोसिनचं काम अडतं, त्यामुळे तो माणूस आणि ती जागा हीच भीतीची खूण झाली असावी असं वाटतं.

आता घंटी आंबोणाऐवजी थेट सड चोळण्याच्या आधी जोडावी का? माणूस आणि जागा दोन्ही बदलावं, की एकच? सुई एकदम तोडली तर दूध कासेत तुंबून दगडी (कासेचा दाह) होण्याची आणि म्हैस आटण्याची धास्ती आहे. कोणी अशी सुई सोडवली असेल तर क्रम आणि लागलेले दिवस नेमके सांगा.