'अभिव्यक्ती' आणि 'पेशी' : हाडांवरच्या लेखासाठी शब्द हवेत

बडोदेकरीण : मंडळाच्या अंकासाठी ऑस्टिओब्लास्टवर, म्हणजे हाड घडवणाऱ्या पेशींवर लिहितेय. 'या पेशींमधील प्रथिनांची अभिव्यक्ती' असं लिहिलं, तर आई विचारते, "पेशी काय व्यक्त करतात गं?" माझी शाळा गुजराती माध्यमाची. दुसरा शब्द सुचवाल का?

रावपुरेकर : ताई, आधी 'पेशी'कडे बघा, बडोद्यात खरा घोळ तिथे. गुजराती पाठ्यपुस्तकात सेल म्हणजे कोष आणि पेशी म्हणजे टिश्यू. मराठीत सेल ती पेशी, टिश्यू ती ऊती. (विश्वकोशात आणखी वेगळं, कोशिका आणि ऊतक!) तुमचे निम्मे वाचक गुजरातीत शिकलेले, पहिल्याच वाक्यात 'पेशी म्हणजे सेल' असं सांगून मोकळ्या व्हा.

दांडियाबाजार : 'अभिव्यक्ती'ऐवजी 'आविष्कार'?

रावपुरेकर : नको हो, हिंदीच्या सवयीने लोक 'शोध' वाचतील.

जीवशास्त्रवाले काका : 'अभिव्यक्ती' रूढ आहे, राहू दे. पण मुळात व्यक्त होतो तो जीन, म्हणजे जनुक. ऑस्टिओकॅल्सिन या हाडातल्या प्रथिनाचा जीन त्वचेच्या पेशीतही असतो, पण तिथे बंद. हाड घडवणाऱ्या पेशीत तो चालू होतो, त्याची नक्कल म्हणजे आरएनए बनतो, त्यावरून प्रथिन. आणि हे सगळं एकदम होत नाही. आधी रनएक्स२ हे प्रथिन लागतं. ते नसलेल्या उंदरांचा सांगाडा कूर्चेचाच राहतो, हे १९९७ साली दिसलं. मग कोलाजेन (हाडाच्या सांगाड्याचं तंतुमय प्रथिन) आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) वाढतं. हे फॉस्फटेज पायरोफॉस्फेट तोडतं, आणि पायरोफॉस्फेट तर खनिज बसू न देणारं. ऑस्टिओकॅल्सिन बरंच उशिरा येतं. म्हणून कोणतं प्रथिन दिसतंय त्यावरून पेशी कितपत पिकली ते कळतं. आईंना हेच सांगा.

बडोदेकरीण : मग सरळ 'प्रथिननिर्मिती' लिहू?

जीवशास्त्रवाले काका : तिथे जरा अडतं. प्रयोगात मोजतात ते त्या वेळी पेशीत असलेलं प्रथिन. निर्मिती तेवढीच राहून विघटन कमी झालं तरी आकडा वाढतो. 'किती आढळतं' म्हणा.

दांडियाबाजार : रक्ताच्या रिपोर्टात एएलपी असतं, ते हेच अल्कलाइन फॉस्फटेज ना? माझं वाढलंय.

जीवशास्त्रवाले काका : तेच, पण यकृतही ते बनवतं. नुसत्या त्या आकड्यावरून हाडाचं काही ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा.

बडोदेकरीण : असं चालेल? 'हाड घडवणाऱ्या पेशींत कोणती प्रथिनं केव्हा आणि किती आढळतात, यालाच प्रथिनांची अभिव्यक्ती म्हणतात. कोलाजेन पेशीत साठून त्याचं हाड होतं.'

जीवशास्त्रवाले काका : पहिलं वाक्य छान. दुसऱ्यात 'साठून' काढा. कोलाजेन पेशीबाहेर सोडलं जातं, आणि खनिज बसतं तेही बाहेरच.