मदत हवी आहे: आईच्या ईसीजीत 'इन्फार्क्ट' आलंय, लवकर सांगा

चिंतू_सांगलीकर: गुरुवारी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. फिटनेससाठी ईसीजी काढला, तर वर छापून आलंय 'सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइन्ड'. वय मी स्वतः सांगितलं होतं! आमचे फिजिशियन बुधवारपर्यंत गावाला. टूडी इको करू की थेट अँजिओग्राफी?

मावशीबाई: वय किती? छातीत दुखतं का? बीपी? फोटो तरी टाका हो.

पेशवेपार्क: घाबरू नका. अर्जुनसालीचा काढा, सकाळ-संध्याकाळ. सासऱ्यांचा ईसीजी महिन्यात सरळ झाला.

खडूस: ईसीजी सरळ झाला म्हणजे माणूस गेला, काका.

निवृत्त_सिस्टर: चिंतू, 'एज' म्हणजे आईचं वय नव्हे. 'सेप्टल इन्फार्क्ट' म्हणजे हृदयाच्या मधल्या पडद्याला झटका येऊन गेला असावा, कधी ते कळत नाही, असा मशीनचा अंदाज. खाली 'अनकन्फर्म्ड' लिहिलं असेल बघा. व्ही-वन, व्ही-टू हे छातीवरचे इलेक्ट्रोड चौथ्या फासळीखालच्या जागेत लावायचे असतात. बायकांचा ईसीजी काढताना ब्लाउज बाजूला नको म्हणून वरच चिकटवून मोकळे होतात, मग आर लाट (पट्टीवरचं वर जाणारं टोक) खुरटी येते आणि मशीन जुना झटका वाचतं. वॉर्डात शंभरदा पाहिलंय. परत काढून घ्या. जुना ईसीजी आहे का?

टेक_बंड्या: त्यापेक्षा स्मार्टवॉच घ्या. ३० सेकंदांत घरच्या घरी ईसीजी.

निवृत्त_सिस्टर: त्यात एकच लीड, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणं. दवाखान्यात १२, त्यातल्या सहा छातीवरच्या. प्रश्न छातीवरच्याच लीडचा आहे.

टेक_बंड्या: पण ठोके अनियमित असतील तर कळतं ना!

खडूस: ते कोणी विचारलंय?

जुनंपानं: ईसीजीचं यंत्र बनवणाऱ्या आइंटहोव्हेनच्या काळी दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसावं लागे. १९२४ चं नोबेल त्याला त्यावरच मिळालं. आणि हो, ती पट्टी थर्मल कागदाची, अक्षरं उडतात. झेरॉक्स काढून ठेवा.

चिंतू_सांगलीकर: वय ६८. २०१९ चा सापडला, त्यात असं काही नाही. दुखत बिखत नाही. जिना चढताना दम लागतो, पण १४ वर्षं शुगर आहे, त्यानेच असेल.

निवृत्त_सिस्टर: शुगर! हे आत्ता सांगताय? मधुमेहात झटका न दुखताही येऊन जातो. जुन्यात नव्हतं म्हटल्यावर माझं वरचं म्हणणं निम्मं मागे. बुधवारची वाट पाहू नका, आजच दुसऱ्या फिजिशियनला दाखवा. हृदयाची भिंत नीट हलते का ते इकोत दिसेल. अँजिओग्राफी त्यांनी सांगितली तरच. दम वाढला, घाम सुटला तर सरळ कॅज्युअल्टी गाठा.

मावशीबाई: तरी मी पहिल्यांदाच विचारलं होतं.

चिंतू_सांगलीकर: दाखवलं. नीट लावून काढल्यावर ती ओळ आली नाही. तरी शुगर आणि दम पाहून उद्या इको सांगितलाय. ऑपरेशनचं त्यानंतर ठरेल. सिस्टर, आभार.

पेशवेपार्क: काढा चालू ठेवा.

भोपळा: लेन्स कुठली बसवताय? आमच्या हिला मल्टिफोकल बसवली, रात्री दिव्यांभोवती गोल गोल कडी दिसतात म्हणते.