मदत हवी आहे: हॉटेलला चित्रं द्यायची आहेत, 'सर्व हक्कांसह' मागताहेत. दर कसा सांगू?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. जलरंगात निसर्गचित्रं करते. पंचगंगेचा घाट, रंकाळा, पन्हाळ्याची वाट हेच बहुतेक विषय. नोकरी नाही, घर याच कामावर चालतं, जोडीला सुट्टीच्या दिवशी मुलांचे वर्ग. या आठवड्यात एका ठिकाणी आकडा कळवायचा आहे, म्हणून ज्यांनी असे व्यवहार केलेत त्यांचा सल्ला हवाय.

शहरात एक नवं हॉटेल होतंय. त्यांच्या इंटिरिअर डिझायनरनी दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात माझी चित्रं पाहिली. घाटाचं एक १५ बाय २२ इंचाचं चित्र त्यांना रिसेप्शनला लावायचंय. त्याच चित्राच्या प्रिंट काढून सगळ्या खोल्यांत लावणार. शिवाय 'आमच्या भिंतींच्या रंगाला जुळतील अशी' चार नवी चित्रं करून हवीत. सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगा म्हणाले. आणि त्यांनी पाठवलेल्या पत्रात शेवटी आहे, 'सर्व हक्कांसह'.

माझा दर चौरस इंचाला २५ रुपये, म्हणजे या मापाचे ८,२५० होतात, फ्रेम वेगळी. मूळ चित्राची किंमत मला सांगता येते. प्रिंटच्या परवानगीचे किती आणि कसे लावायचे, ते समजत नाही. हक्क दिले म्हणजे नेमकं काय दिलं, तेही नीट कळून घ्यायचंय.

दुसरा प्रश्न नेहमीचाच. मुंबईच्या एका गॅलरीत माझी काही चित्रं आहेत, तिथे ३३ टक्के कमिशन जातं. मग ८,२५० मधले हातात साडेपाच हजार येतात. इथे घरी येणारं गिऱ्हाईक म्हणतं, "मग आम्हाला साडेपाचलाच द्या की!" मी देत नाही, पण दर वेळी समजावून सांगताना जीव मेटाकुटीला येतो. तुम्ही काय सांगता?

आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचं हे गाव. 'कलापूर' म्हणून आपण मिरवतो, प्रदर्शनाला गर्दीही होते, लोक मनापासून बघतात. तेच लोक फ्रेमवाल्याला सांगेल ते पैसे देतात आणि चित्रापाशी आले की घासाघीस करतात. यात त्यांचा दोष मला वाटत नाही. फ्रेमला किती लाकूड, किती काच लागली ते दिसतं, चित्राचा हिशेब त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो. तो सांगायची पद्धत मला हवी आहे.

ओलाकागद (पुणे)
ताई, एक आकडा अजिबात सांगू नका. तीन ओळी करा: मूळ चित्र, प्रिंटची परवानगी, नवी चित्रं.

चित्र विकलं म्हणून कॉपीराइट जात नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो तुमच्याकडेच राहतो, आणि द्यायचा झाला तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. म्हणून ती 'सर्व हक्कांसह' ओळ खोडायला सांगा. त्या ओळीवर सही केलीत तर उद्या ते तुमचा घाट कॅलेंडरवर, मगवर, कशावरही छापतील.

खरी मेख नव्या चार चित्रांत आहे. कुणी पैसे देऊन सांगून करवून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याचा होतो. कलम १७ बघा. म्हणजे तिथे गप्प राहिलात तरी हक्क गेले. ते स्वतःकडे ठेवायचे असतील तर कामाला हात लावायच्या आधी लिहून घ्या.

परवानगीत मुदत आणि जागा दोन्ही घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत. उद्या त्यांची गोव्यात शाखा निघाली तर?

चौकट (सांगली)
फाइल देऊ नका, प्रिंट द्या. तुम्ही स्वतः चांगल्या कागदावर काढून घ्या, प्रत्येकीवर क्रमांक आणि सही करा, नगावर दर लावा. छपाईचा खर्च अधिक तुमचा वाटा. म्हणजे परवानगीचे किती हा प्रश्नच सुटतो आणि खोल्या वाढल्या तर ते तुमच्याकडेच येतील. स्कॅन मात्र फ्रेम करायच्या आधी करून घ्या.

फ्रेमचंही बोलतो, तो माझा धंदा आहे. काच कागदाला चिकटता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, हवाच आणि तो आम्लमुक्त. जुलैत आपल्याकडे हवा इतकी ओली असते की काचेला टेकलेला कागद आधी लाटांसारखा फुगतो, मग कडेनं तपकिरी ठिपके उठतात. ती बुरशी. बाथरूमच्या सामाईक भिंतीवर मूळ चित्र लावू नका, असं पत्रातच लिहा.

राजारामपुरी
दराबाबत माझं मत: घरी, गॅलरीत, ऑनलाइन, सगळीकडे किंमत एकच. गॅलरीला कळलं की तुम्ही घरी स्वस्त देता, तर पुढच्या वेळी भिंत मिळणार नाही. आणि ज्यानं ८,२५० मोजलेत त्याला कसं वाटेल? गिऱ्हाइकाला सांगायचं, गॅलरी जे काम करते ते घरी मी करते. चहा, जागा, पॅकिंग, घरपोच देणं, सगळं. बजेट कमी असेल तर ११ बाय १५ चं दाखवा, तुमच्या दरानं ४,१२५ होतात. दर तोच, कागद लहान.

मूळ प्रश्नकर्ती
ओलाकागद, चौकटदादा, राजारामपुरी, मनापासून आभार. कलम १७ चं ठाऊकच नव्हतं, त्यासाठी विशेष. तीन ओळींचं पत्र करते आहे, प्रिंट मीच काढून देणार. नव्या चित्रांसाठी असं लिहिलंय: 'या चार चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. हॉटेलला ती याच वास्तूत लावण्याचा हक्क असेल. अर्धी रक्कम आगाऊ मिळाल्यावर काम सुरू होईल.'

हॉटेलनं जाहिरातीसाठी लॉबीचा फोटो काढला आणि त्यात चित्र आलं तर त्याला हरकत नाही, हेही घालावं का? परवा पत्र पाठवायचंय, त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.