पीएचसीला साथीच्या तयारीसाठी काय घेऊन द्यावं?

ग्रामसदस्य_मेळघाट
ग्रामपंचायतीच्या अबंधित निधीतून (ज्याचा खर्च ग्रामपंचायत स्वतः ठरवते) पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, पुढच्या साथीसाठी काहीतरी घ्यायचंय. गावात सगळे म्हणतात, आणखी एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन) घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल अमरावती-यवतमाळकडेच आधी लागली होती, म्हणून उशीर नको. जाणकारांनी सांगा.

बायोमेडिकल_भाऊ
दादा, आधी आहे तो चालवून बघा. महिनोन्‌महिने खोक्यात पडला की आतल्या झिओलाइटमध्ये (हवेतला नायट्रोजन शोषणारे खडे) ओल शिरते. काट्यावर पाच लिटर दिसतं, पण काटा फक्त प्रवाह दाखवतो, शुद्धता नाही. ती ऑक्सिजन अ‍ॅनालायझरने तपासा, ९० टक्क्यांच्या वर हवी. पंधरा दिवसांतून अर्धा तास चालवा, जाळी धुतली तर पूर्ण वाळवूनच बसवा. ऑक्सिजन ओला करणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी भरून पुढची नळी बोटांनी चिमटा, शिट्टी वाजली पाहिजे. नाही वाजली तर झाकण वाकडं बसलंय आणि ऑक्सिजन तिथूनच निघून जातोय.

लाइट गेली की मशीन बंद, म्हणून सिलिंडर लागतोच. बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला ५ लिटरने पाच तास, १० लिटरने अडीच. धारणीहून अमरावती घाटाने चार तास धरा, म्हणजे जास्त ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णासोबत दोन भरलेले हवेत. सिलिंडर उघडायचा पाना साखळीने सिलिंडरलाच बांधा, ऐन वेळी तोच सापडत नाही.

उपकेंद्र_ताई
मशीन नंतर, आधी नोंद. साथ पहिल्यांदा दिसते ती आशाताईंच्या डायरीत. दहा दिवसांच्या आतला ताप आणि खोकला, गावनिहाय, रोज लिहायचा. रुग्ण नसेल तर शून्य लिहायचंच, कारण कोरी जागा दिसली तर तिथे कुणी गेलंच नाही असंही असू शकतं. रेंज नाही म्हणून आठवड्याचं सगळं शनिवारी एकदम आयएचआयपीवर (सरकारच्या साथरोग नोंदीच्या पोर्टलवर) चढवलं, की आकडा नेमका कधी वाढला तेच हरवतं. आणि फक्त पीएचसीची बेरीज पाहिली तर एका ढाण्यावरचे (छोट्या पाड्यावरचे) सात रुग्ण त्यात बुडून जातात.

पोळ्यानंतरच्या तापात काख, जांघ उघडून काळी खपली शोधा. स्क्रब टायफसची (बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप, चावल्या जागी अशी खपली धरते) शंका असेल तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं, प्रत्येक ताप कोरोनाचा नसतो.

ग्रामसदस्य_मेळघाट
मग पैसे कशावर घालू?

उपकेंद्र_ताई
प्रत्येक आशाताईला चालू ऑक्सिमीटर आणि जादा सेल. मेंदीचं किंवा गार बोट असेल तर आकडा चुकतो, दुसरं बोट चोळून लावायचं. ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली आला तर त्याच वेळी गाडी बोलवायची.

बायोमेडिकल_भाऊ
आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर. नवा कॉन्सन्ट्रेटर शेवटी.