शुगरची गोळीही तपासून बघा
योनीत यीस्टचा, म्हणजे बुरशीचा, संसर्ग पुन्हा पुन्हा होतोय म्हणजे स्वच्छता कमी पडतेय, इंटिमेट वॉश वापरा, असं काहीजण सांगतात. नाही पटलं. योनी आतून स्वतःच स्वच्छ होत असते. सुगंधी वॉशने आग वाढते, कॅन्डिडा (हेच ते यीस्ट) जात नाही.

आमच्या सासूबाईंचं सांगते. पंचवटीत राहतात, वय ६३. तीन आठवडे खाज, दह्यासारखा पांढरा स्राव, आणि घरात चकार शब्द नाही. "उष्णता झाली" म्हणत सब्जाचं पाणी पीत बसल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, तिच्यावर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, म्हणजे जोरदार स्टिरॉइड! दोन दिवस बरं वाटलं, मग दुप्पट. शेवटी गायनॅककडे नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न, "शुगरच्या गोळ्या कोणत्या?" पिशवीतून पाकिटं काढली, त्यात दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेली डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढते, आणि तिथे साखर म्हणजे यीस्टला मेजवानीच. पुरुषांनाही होतं बरं का, शिश्नाच्या टोकाला लाली आणि खाज.

क्लोट्रिमाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या योनीत ठेवायच्या गोळ्या सहा रात्री दिल्या, त्याने गेलं. फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची पोटात घ्यायची गोळी मुद्दाम टाळली, कारण सासूबाई ग्लिमेपिराइड ही शुगरची दुसरी गोळीही घेतात आणि दोन्ही मिळून शुगर एकदम खाली येऊ शकते. डापा मात्र मनाने बंद करू नका, हृदय आणि किडनीसाठीही देतात ती. लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.